महिनाभराचं बिऱ्हाड, परक्या शहरात

प्रश्न : जुलैमध्ये एका परदेशी शहरातल्या अभिलेखागारात काम करायचं आहे. १ तारखेला पोचणार, ३१ला निघणार. एकटीच आहे. संस्थेकडून मिळणारी रक्कम ठरलेली आहे आणि हॉटेलात राहिले तर ती बारा दिवसांत संपेल. एका संकेतस्थळावर शहराच्या मध्यभागी, स्वयंपाकघरासकट फ्लॅट मिळतो आहे, आसपासच्या भाड्याच्या निम्म्या दरात. मालक सध्या दुसऱ्या देशात आहेत. अनामत आणि भाडं बँकेत भरलं की चावी कुरिअरने पाठवतो म्हणाले. 'आणखी दोघं विचारत आहेत, आजच कळवा' असंही म्हणाले. त्यांनी स्वतःच्या पासपोर्टची प्रत पाठवली, म्हणून मीही माझी पाठवली. पैसे अजून भरलेले नाहीत. भरू का? नाही तर स्वस्तात राहायचं कुठे? आणि सगळा महिना इथूनच ठरवावा की तिथे जाऊन शोधावं? (शहराचं नाव छापू नये.)

उत्तर : भरू नका. अनामतही नको आणि 'जागा धरून ठेवण्यापुरती' थोडी रक्कमही नको.

तुम्ही लिहिलेल्या एकेका गोष्टीचं काही ना काही स्पष्टीकरण देता येईल. मालक खरंच परदेशी असू शकतो, भाडं खरंच कमी असू शकतं. पण निम्मं भाडं, परदेशी मालक, कुरिअरने चावी, बँकेत थेट पैसे आणि आजची घाई हे पाचही एकत्र आले की ती जाहिरात नसते, सापळा असतो. फोटो बहुतेक वेळा दुसऱ्याच घराच्या जुन्या जाहिरातीतून उचललेले असतात. चित्रावरून शोध घेण्याची सोय वापरून ते तपासा. तेच स्वयंपाकघर भलत्याच शहरात, भलत्याच मालकाच्या नावावर सापडण्याची शक्यता मोठी आहे.

त्यांनी पाठवलेला पासपोर्ट खरा असेल, फक्त त्यांचा नसेल. तो आधी फसलेल्या कुणाचा तरी असतो आणि तुमची प्रत आता पुढच्या माणसाला दाखवायला वापरली जाऊ शकते. म्हणून सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा, संकेतस्थळाकडे जाहिरातीची तक्रार करा आणि पोलिसांच्या सायबर विभागाकडे लेखी नोंद करून पोच घ्या. उद्या तुमच्या नावाने काही निघालं तर ती पोच कामाला येईल. यापुढे ओळखपत्राची प्रत द्यायची वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त अमुक पत्त्यावरच्या जागेसाठी, अमुक तारीख'. पासपोर्टचा क्रमांक अर्धा झाकला तरी खऱ्या मालकाची सहसा हरकत नसते. हॉटेलं आणि नोंदणीकृत घरमालक यांना अनेक देशांत पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, त्यांना पूर्ण तपशील द्यावा लागतो. पण तो पोचल्यावर, दारात.

आता खऱ्या अडचणीकडे येऊ. महिना ही मोठी अडनिडी मुदत आहे. हॉटेलासाठी फार लांब आणि भाडेकरारासाठी फार आखूड. हॉटेल रात्रीच्या दराने विचार करतं, घरमालक वर्षाच्या हिशेबाने, आणि तुम्ही मधल्या फटीत. स्वस्त जागा शोधायची म्हणजे ज्यांची खोली नेमकी महिना-दोन महिनेच रिकामी पडते अशी माणसं आणि संस्था शोधायच्या. बाकी सगळीकडे तुम्ही कुणाच्या तरी गैरसोयीची किंमत भरत असता.

जुलैत अशी सगळ्यात मोठी रिकामी जागा विद्यापीठांकडे असते. ब्रिटन आणि कॅनडामधली अनेक विद्यापीठं उन्हाळी सुट्टीत वसतिगृहांच्या खोल्या बाहेरच्यांना देतात, त्यासाठी विद्यार्थी असावं लागत नाही. इतर देशांतही हे कमी-अधिक प्रमाणात चालतं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'वसतिगृह' या पानावर हे क्वचितच सापडतं. 'उन्हाळी निवास' किंवा 'परिषदा आणि पाहुणे' अशा विभागात बघा, कारण ते काम वेगळं कार्यालय सांभाळतं. तुमच्या अभिलेखागाराच्या वाचनकक्षालाही एक ईमेल टाका. महिना-महिना येऊन राहणारे संशोधक त्यांनी पुष्कळ पाहिलेले असतात. कुठे उतरतात, कुठलं वसतिगृह चालण्याच्या अंतरावर आहे, हे तिथला कर्मचारी दोन ओळींत सांगतो. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

वसतिगृहाच्या खोलीत काय मिळणार याची खातरजमा आधी करा. पलंग अरुंद असतो, त्याने काही बिघडत नाही. पण 'सामायिक स्वयंपाकघर' याचा अर्थ बऱ्याचदा शेगडी, फ्रिज आणि रिकामी कपाटं एवढाच असतो. भांडी विद्यार्थी स्वतःची आणतात आणि सुट्टीत घेऊन जातात. तेव्हा विचारायचं ते असं : पातेली, ताटं, सुरी आहेत का? चादरी-उशी भाड्यात धरली आहे का, किती दिवसांनी बदलतात? इंटरनेटला बाहेरच्या पाहुण्याला वेगळं खातं लागतं का? दर आठवड्याचा लावता की रात्रीचा? संकेतस्थळावर नुसता रात्रीचा दर असला तरी चार आठवड्यांचा दर ईमेलने मागा, तो अनेकदा वेगळा असतो आणि छापलेला नसतो.

दुसरी रिकामी जागा म्हणजे सुट्टीवर गेलेल्या भाडेकरूची खोली. विद्यार्थी घरी जातो, नोकरदार दोन महिने दुसरीकडे कामाला जातो आणि भाडं अंगावर पडू नये म्हणून खोली तेवढ्यापुरती दुसऱ्याला देतो. ज्या देशात जाताय तिथल्या भाषेत याला स्वतःचा शब्द असतो आणि शोध त्या शब्दानेच घ्यावा लागतो. इंग्रजीत शोधलं की परदेशी पाहुण्यांसाठी फुगवलेल्या जाहिराती आधी दिसतात. जर्मनीत हा शब्द 'त्स्विशेनमीटे' आहे आणि सामायिक घरांतल्या खोल्यांसाठी 'वेगे-गेझुख्ट' हे संकेतस्थळ सगळे वापरतात. मजकूर भाषांतर करून वाचा, पण पहिला संदेश त्यांच्या भाषेत पाठवा. मोडका असला तरी चालेल.

या प्रकारात भाडं सगळ्यात कमी आणि जोखीम सगळ्यात जास्त, म्हणून दोन गोष्टी अडून मागा. पहिली म्हणजे मूळ घरमालकाची लेखी परवानगी. पोटभाडेकरू ठेवायला बहुतेक देशांत ती लागतेच. ती नसली तर पंधराव्या दिवशी घरमालक दारात उभा राहिला की खोली सोडावी लागणार तुम्हालाच. दुसरी, चालू व्हिडिओ कॉल. आधी रेकॉर्ड केलेली चित्रफीत नव्हे. कॉलवर त्यांना इमारतीच्या दारापासून खोलीपर्यंत चालायला सांगा, खिडकीतून रस्ता दाखवायला सांगा आणि तो रस्ता नकाशावरच्या रस्त्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहा. मग नळ सोडायला सांगा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्याच्याकडे खोलीच नाही तो नळ कुठला सोडणार? आणि ज्याच्याकडे आहे तो हसून सोडतो.

तिसरा पर्याय एखाद्या कुटुंबात किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात एक खोली. एकटीने जाताय म्हणून हा विचारात घ्या. स्वयंपाकघर वापरायला मिळतं, पण कोणत्या वेळात, ते आधी ठरवून घ्या. 'स्वयंपाकघर वापरता येईल' म्हणजे काहींच्या लेखी चहा करता येईल एवढंच असतं. इटलीत मठांची अतिथिगृहं हाही साधा, शांत आणि बहुधा परवडणारा पर्याय आहे. रात्री ठरावीक वेळेला दार बंद होतं, ते चालणार असेल तर बघा.

स्वयंपाकघर असलेली निवासी हॉटेलं शेवटी ठेवा, पण यादीतून काढू नका. त्यांचा संकेतस्थळावरचा रात्रीचा दर बघून माघारी फिरू नका. फोन करून सरळ ३० रात्रींचा दर विचारा. रोजची सफाई नको, आठवड्यातून एकदा पुरेल, असं सांगितलं तर दर उतरवायला त्यांना कारण मिळतं. घर आणि पाळीव प्राणी सांभाळून फुकट राहण्याची जी सोय हल्ली बोलली जाते ती मात्र तुमच्यासाठी नाही. तारखा मालकाच्या असतात, प्राणी दिवसभर एकटा ठेवता येत नाही आणि पैशाचा व्यवहार नसला तरी काही देशांच्या विमानतळावर याला काम समजलं जातं. पर्यटक किंवा संशोधक म्हणून आलेल्याने तो वाद ओढवून घेऊ नये.

आता राहिले मोठे मंच, जिथे कुणाचंही घर कार्डाने आरक्षित करता येतं. इथे दोन आकड्यांवर सगळा खेळ आहे, २८ आणि ३०.

एअरबीएनबीसारख्या मंचावर मासिक सवलत २८ रात्रींपासून लागू होते. ती किती द्यायची हे मालक ठरवतो, काही देतच नाहीत. समजा एका घराचा रात्रीचा दर ८० आहे, चलन कुठलंही धरा, आणि मासिक सवलत ३० टक्के. तुमच्या ३० रात्रींचे होतात १६८०. आता 'आधी चार रात्री हॉस्टेलात काढते, मग त्या घरात जाते' असा शहाणपणाचा बेत केला, तर उरलेल्या २६ रात्रींना सवलत नाही, म्हणून २०८०. चार रात्री कमी राहून ४०० जास्त, वर हॉस्टेलचे पैसे वेगळे. मुक्काम तोडताना हे गणित कुणी बघत नाही. उलटही खरं आहे : कुणाला २५ रात्रीच हव्या असतील तर २८ टाकून पाहाव्यात. तीन रात्री न राहता सोडूनही एकूण रक्कम कमी येऊ शकते.

पण १६८० ही रक्कमही खरी नाही. तिच्यात सफाईचे १०० धरा, मंचाचं शुल्क १४ टक्के धरा, की आकडा २०२९ वर जातो. ५६ वाटलेला रात्रीचा दर ६८च्या घरात येतो. वर काही शहरांत पर्यटन कर असतो, आणि अॅमस्टरडॅममध्ये तो तब्बल साडेबारा टक्के आहे. म्हणून शोधताना 'सर्व करांसह एकूण किंमत' हा पर्याय लावून ठेवा आणि तुलना कायम एकूण रकमांची करा. वसतिगृहाचा ६० दर म्हणजे वीज, पाणी, चादरी धरून १८००च, म्हणजे ५६वाल्या घरापेक्षा स्वस्त. पोटभाड्याच्या खोलीत उलट बघायचं : वीज, इंटरनेट, गरम पाणी भाड्यात आहे का? जर्मनीत 'थंड भाडं' आणि 'उबदार भाडं' असे दोन वेगळे आकडे असतात. थंड म्हणजे नुसती जागा, उबदार म्हणजे हीटिंग आणि इमारतीचे इतर खर्च धरून, आणि घरातल्या विजेचं बिल त्याहूनही वेगळं असू शकतं.

२८ रात्रींच्या आरक्षणाला दुसरी बाजूही आहे. दीर्घ मुक्कामाचे रद्द करण्याचे नियम वेगळे आणि कडक असतात. साधारण रूप असं : पोचण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत, त्यानंतर पहिल्या ३० रात्रींचे पैसे गेले. तुमच्या एकूण रात्रीच ३० आहेत, म्हणजे सगळेच गेले. व्हिसा हातात येण्याआधी असं आरक्षण करू नका. व्हिसासाठी निवासाचा पुरावा लागतो, शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) तर लागतोच. त्यासाठी मोफत रद्द करता येणारं, पण खरं आरक्षण करा. खोटी पावती बनवून देणारे लोक असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. वकिलातीने हॉटेलात एक फोन केला की अर्ज फेटाळला जातो आणि ती नोंद पुढच्या अर्जांनाही चिकटते.

आता ३०चा आकडा. शहरं अल्प मुक्कामावर कायदे करतात आणि त्यांची रेघ अनेकदा इथेच असते. न्यूयॉर्क शहरात ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी घर द्यायचं तर मालकाची नगरपालिकेकडे नोंदणी हवी आणि त्याने स्वतः तिथे राहायला हवं. सप्टेंबर २०२३पासून ही अंमलबजावणी कडक झाली. तिथे २९ आणि ३० रात्रींत कायद्याचा फरक पडतो. अॅमस्टरडॅममध्ये राहतं घर पर्यटकांना वर्षाला ३० रात्रींहून जास्त देता येत नाही, म्हणजे अख्खा महिना देणाऱ्या मालकाने वर्षाचा कोटा तुमच्यावर संपवला आणि आधी कुणाला दिलं असेल तर तो ओलांडला. इटलीत ३० दिवसांपर्यंतच्या भाडेकराराची कर कार्यालयात नोंदणी लागत नाही, त्यापुढे लागते. एकतिसावी रात्र म्हटली की तिथला मालक का अडखळतो, ते यावरून कळेल. सिंगापूरमध्ये तर खासगी घर तीन महिन्यांहून कमी मुदतीला देताच येत नाही, सरकारी गृहमंडळाचा फ्लॅट सहा महिन्यांहून कमी नाही. तिथे महिन्याची खोली कुणी देत असेल तर ती बेकायदा आहे. हॉटेल किंवा परवानाधारक निवासी अपार्टमेंट एवढेच मार्ग.

या अडनिड्या मुदतीला कायद्यातच जागा करून देणाराही देश आहे. फ्रान्समध्ये २०१८च्या कायद्याने 'बाय मोबिलिते' नावाचा करार आणला. मुदत १ ते १० महिने, घर सामानासकट, आणि अनामत मागायला मालकाला बंदी. विद्यार्थी, प्रशिक्षणार्थी, तात्पुरत्या कामगिरीवर आलेले लोक यांच्यासाठी तो आहे. तुमचं शहर फ्रान्समधलं असेल तर संस्थेचं पत्र जोडून याबद्दल विचारा.

जाहिरात कायदेशीर आहे की नाही हे ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे नोंदणी क्रमांक. अनेक शहरांत तो जाहिरातीत दाखवणं बंधनकारक आहे, इटलीत २०२५पासून देशभर. क्रमांक नसेल तर विचारा. 'आमच्याकडे लागत नाही' असं उत्तर आलं तर नगरपालिकेच्या संकेतस्थळावर खात्री करा. बेकायदा घराचा दंड मालकाला होतो, पण आरक्षण ऐनवेळी रद्द होतं ते तुमचं.

मालकाशी घासाघीस करायला लाजू नका. महिनाभर एकच पाहुणा म्हणजे त्याला चादरी बदलणं, चाव्या देणं, मधल्या रिकाम्या रात्री यांतून सुटका. दिनदर्शिका बघा. जुलैचा बराचसा भाग अजून रिकामा दिसत असेल तर तुमची बाजू भक्कम. संदेश छोटा ठेवा : 'नमस्कार. १ ते ३१ जुलै, एकटी, अभिलेखागारात काम आहे, दिवसभर बाहेर असते. धूम्रपान नाही, पाहुणे नाहीत. ३० रात्रींचं सगळं धरून १७५०पर्यंत देऊ शकते. जमेल का?' रात्रीच्या दरावर नव्हे, एकूण रकमेवर बोला. मागितलेल्या रकमेपेक्षा १०-१५ टक्के खाली सुरुवात करणं रास्त, निम्म्यावर आलात तर उत्तरच येणार नाही. तयार झाला तर त्याने मंचावरूनच बदललेल्या दराचा प्रस्ताव पाठवावा. 'मंचाबाहेर भेटू, शुल्क वाचेल' म्हणाला तर नको म्हणा. ते १४ टक्के तुमच्या विम्याचा हप्ता आहेत : मंच पैसे मालकाला तुम्ही पोचल्यानंतरच सोडतो, बँकेतून गेलेले परत येत नाहीत. मंचाच्या नावाने आलेल्या ईमेलमधल्या दुव्यावरूनही पैसे भरू नका. हुबेहूब पानं बनवली जातात. स्वतः ॲप उघडून आरक्षण तिथे दिसतंय का ते बघा.

फोटोंवर वेळ घालवण्यापेक्षा अभिप्राय वाचा, आणि त्यातही दोन-तीन आठवडे राहिलेल्यांचे. दोन रात्री राहिलेल्याला कपडे धुवायचं यंत्र नाही हे कळतही नाही. 'गोंगाट', 'गरम पाणी', 'जिना', 'इंटरनेट' हे शब्द शोधा. मालकाला विचारा : शेगडी किती बर्नरची, की नुसता मायक्रोवेव्ह? छोट्या स्वयंपाकघराला वापरला जाणारा गोंडस शब्द बहुधा मायक्रोवेव्ह आणि किटली झाकत असतो. झोपायला पलंग आहे की उघडायचा सोफा? महिनाभर सोफ्यावर झोपून अभिलेखागारात वाकून बसायचं म्हणजे पाठीची वाट. कितवा मजला, आणि लिफ्ट? युरोपात बहुतेक ठिकाणी पहिला मजला म्हणजे तळमजल्याच्या वरचा, अमेरिकेत पहिला म्हणजे सहसा तळमजलाच. इंटरनेटच्या वेगाचा स्क्रीनशॉट मागा, खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो. जुलै आहे, तेव्हा पंखा किंवा वातानुकूलन आहे का आणि खिडक्या उघडतात का, हेही विचारा. थंड हवेच्या शहरांतली जुनी घरं उकाड्यासाठी बांधलेली नसतात.

लांबची स्वस्त खोली घ्यावी का, हे नकाशावर ठरवू नका, घड्याळावर ठरवा. दारापासून अभिलेखागाराच्या दारापर्यंत, कामाच्या दिवशी सकाळी नऊला पोचायचं असं टाकून प्रवासनियोजकात वेळ बघा. एका बाजूने ४५ मिनिटं जास्त म्हणजे २२ कामाच्या दिवसांत ३३ तास. वाचनकक्ष ठरावीक वेळेला बंद होतो, ते ३३ तास तुमच्या कामातून जातात. शिवाय मासिक पासची किंमत भाड्यात मिळवा आणि पास कधीपासून धरतात तेही बघा. पॅरिसचा नाविगो मासिक पास महिन्याच्या १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच चालतो, लंडनचा मासिक पास कुठल्याही तारखेपासून काढता येतो. तुमच्या तारखा दोन्हींत बसतात, पण १० तारखेला जाणाऱ्याला हा फरक महागात पडतो. परतताना शेवटची गाडी किती वाजता आणि स्थानकापासून घरापर्यंत रस्ता कसा, हे एकटीने राहताना भाड्याइतकंच महत्त्वाचं.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. वर्षभरासाठी जाणाऱ्याने तिथे जाऊन शोधावं, महिन्यासाठी जाणाऱ्याने नाही. शोधण्यात पाच दिवस गेले तर तो तुमच्या मुक्कामाचा सहावा हिस्सा. शिवाय तुमच्या मुदतीला खोली दाखवायला कुणी उत्साहाने येत नाही. माझ्या मते क्रम असा असावा. आजच मोफत रद्द करता येणारं, थोडं महागडं का होईना, पण आवाक्यातलं काहीतरी सगळ्या ३० रात्रींसाठी घेऊन ठेवा. तो तुमचा आधार, आणि व्हिसाचा पुरावाही. याच आठवड्यात विद्यापीठांना आणि अभिलेखागाराला ईमेल करा. वसतिगृहांच्या उन्हाळी खोल्या काही महिने आधीपासून भरत जातात, त्यांना उशीर परवडत नाही. पोटभाड्याच्या खोल्या उलट उशिरा येतात, विद्यार्थ्यालाच आपल्या तारखा तोवर ठाऊक नसतात. त्यासाठी निघण्याआधीचे सहा ते तीन आठवडे रोज दहा मिनिटं द्या. चांगलं काही हाती लागलं आणि पक्कं झालं की आधार रद्द करा. आधीचं सोडून मग दुसरं पकडायला जाऊ नका. रद्द करण्याची शेवटची तारीख तिथल्या स्थानिक वेळेनुसार असते, तेव्हा गजर एक दिवस आधीचा लावा. मधल्या काळात त्या शहरात जुलैत एखादा मोठा महोत्सव, क्रीडास्पर्धा किंवा व्यापारी प्रदर्शन आहे का, तेही तपासा. एडिनबराला ऑगस्टच्या महोत्सवात वसतिगृहाच्या खोल्याही हॉटेलच्या दराने जातात. अशा गावात जुलै स्वस्त आणि ऑगस्टचा पहिला आठवडा महाग, म्हणून मुक्काम पुढे ढकलायची वेळ आली तर आधी दर बघा.

पैसे कार्डाने भरताना 'तुमच्या चलनात भरायचे का' असा प्रश्न येतो, तेव्हा तिथलं चलन निवडा. रूपांतर तुमच्या बँकेने केलेलं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. बँक परकीय व्यवहारावर किती टक्के आकारते हे आधी विचारून ठेवा. दोन हजारांच्या व्यवहारावर साडेतीन टक्के म्हणजे ७० गेले, त्यात एका रात्रीचं भाडं येतं.

पोचल्यावर, सामान उघडायच्या आधी, मोबाइल हातात घेऊन सगळं घर एका चित्रफितीत टिपा. भिंतींवरचे डाग, टेबलावरचे चरे, शेगडी, न्हाणीघर, गादीची खालची बाजू, चाव्या किती आहेत त्या. वीजमीटर वेगळा असेल तर त्याचा आकडाही. ती त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. घर जाहिरातीसारखं नसेल, किडे असतील, गरम पाणी नसेल, तर मंचाकडे तक्रार त्याच दिवशी करा. चार दिवस 'बघू, होईल नीट' म्हणत काढले की परताव्याचा दावा लंगडा होतो.

पोटभाड्याच्या खोलीत अनामतीवर भाड्यापेक्षा जास्त ताणून धरा. 'निघाल्यावर दोन आठवड्यांत परत करू' हे वर्षभराच्या भाडेकरूला ठीक, तो त्याच शहरात असतो. तुम्ही दुसऱ्या देशात पोचलेल्या असता आणि तेवढ्या रकमेसाठी परकीय बँकशुल्क भरून पैसे पाठवायला कुणी तत्पर नसतं. म्हणून करारातच लिहून घ्या : ३१ जुलैला सकाळी दोघांनी मिळून खोली बघायची, चाव्या द्यायच्या आणि अनामत त्याच वेळी, तिथेच परत घ्यायची, रोख किंवा समोर बसून ऑनलाइन. ऑनलाइन असेल तर पैसे खात्यात दिसल्यावरच चावी हवाली करा. विमान दुपारनंतरचं घ्या, म्हणजे या सगळ्याला दोन तास मिळतील.